नाव मागायला आलेली

क्रोसाविकच्या टेलिफोनघरात हुल्ड केटिल्सदोत्तिर पस्तिशीच्या आसपास रुजू झाली आणि साठी उलटली तरी तिथेच होती. आइसलंडच्या स्ट्रांडिर किनाऱ्यावरचं ते टेलिफोनघर म्हणजे तिच्याच घराची समुद्राकडची खोली. खोऱ्यातली सगळी शेतघरं एकाच तारेवर जोडलेली. एका घरची घंटा वाजली की ती सगळ्यांकडे वाजायची, आणि सगळे रिसीव्हर उचलून ऐकायचे. त्यात कोणाला गैर वाटत नसे. हिवाळ्यात दुसरी करमणूकही नव्हती.

एकटी हुल्ड मात्र ऐकत नसे. दोन घरं जोडून दिली की कानावरचं यंत्र काढून ती विणकाम हातात घ्यायची. यामागे तिचं नाव होतं.

हुल्ड म्हणजे झाकलेली, लपलेली. जुन्या कथांतल्या एका चेटकिणीचं हे नाव. तीनशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर मंत्र लिहिल्याच्या आरोपावरून माणसं जाळली होती, आणि लोक ते कालपरवा घडल्यासारखं सांगत. शाळेत मुलं तिला म्हणायची, "हुल्ड, जरा वारा पाड ना, आम्हाला होडी काढायचीय." कोणाची गाय आटली की बायका हसतहसत विचारायच्या, "काल तू आमच्या गोठ्यावरून गेलीस का गं?" हसत विचारायच्या, पण विचारायच्या. तेव्हापासून तिनं ठरवलं होतं, या नावाच्या बाईला दुसऱ्याच्या गुपिताचा वाराही लागलेला बरा नाही.

त्या शरद ऋतूत मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या आणि लोक तिच्याशी विचित्र वागू लागले.

आधी स्टेनडोर आला. एका एडक्याचा सौदा ऐन रंगात असताना हुल्डनं मुद्दाम फोन तोडला, असं मानून हा शेतकरी तिच्याशी वर्षानुवर्षं बोलला नव्हता. तो दारात सुकवलेल्या माशांची जुडी घेऊन उभा.

"हे काय?" हुल्डनं विचारलं.

"मासा."

"ते दिसतंय मला."

"खा. आणि त्या एडक्याचं माझ्या मनात काही नाही. तुझ्याही मनात नसावं."

"माझ्या मनात कधी नव्हतंच, स्टेनडोर. तेव्हा तार वादळानं तुटली होती."

"असेल, असेल," तो घाईनं म्हणाला. "आता काय त्याचं."

मग कोणी धुरावलेली मेंढीची तंगडी आणली, कोणी साखर भुरभुरवलेली धिरडी. शेवटी ब्रिन्योल्फुर पाद्रीबाबा कॉफीला आले, खडीसाखरेचा खडा दातात धरून खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हुल्ड, तुला स्तोत्रं कुठली आवडतात गं?"

"कशासाठी?"

"सहज."

"पाद्रीबाबा, तुम्ही आजवर सहज काही विचारलेलं नाही. कोणाच्या मयताची तयारी चाललीय?"

त्यांनी कप खाली ठेवला. मग सगळं बाहेर पडलं. डोंगराकडच्या शेतावरची साल्वोर पोटुशी होती. आधीची तिची दोन मुलं जन्मताच गेली होती. तिनं फोनवर आईला आपलं स्वप्न सांगितलं. दारात एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, मी हुल्ड. तारेवर ते सगळ्या खोऱ्यानं ऐकलं. ऐकलं नव्हतं फक्त हुल्डनं.

पोटुशीच्या स्वप्नात येऊन बाळासाठी आपलं नाव मागतात ती गेलेली माणसं. नाव नाकारलं तर बाळ जगत नाही, असं मानतात. आणि खोऱ्यात हुल्ड नावाची बाई एकच होती, जी अजून गेलेली नव्हती. लोकांनी सरळ हिशेब मांडला, की तिचे थोडेच दिवस उरलेत.

"तुला भीती वाटत असेल," पाद्रीबाबा म्हणाले.

हुल्डला भीती वाटली, पण मरणाची नव्हे. त्या बाळाच्या वाट्याला हे नाव येणार याची वाटली. आपल्याबरोबर ते संपेल, एवढंच समाधान तिनं आजवर बाळगलं होतं.

"नाव म्हणून त्यात वाईट काही नाही," ते तिचा चेहरा बघून म्हणाले. "निम्म्या देशात गुड्रुन आणि सिग्रुन आहेत. रून म्हणजे गूढ मंत्रच की. इंग्रजांचं ते आल्फ्रेड नाव घे. त्याचा अर्थ यक्षांनी सल्ला दिलेला. कोणाची गाय आटली म्हणून आल्फ्रेडला कोणी जाब विचारत नाही."

"आल्फ्रेड पुष्कळ आहेत, पाद्रीबाबा. मी एकटीच आहे."

दुसऱ्या दिवशी शेजारणीला यंत्रापाशी बसवून ती दुधाच्या गाडीतून साल्वोरकडे गेली. दार उघडलं ते साल्वोरच्या सासूनं, थोरकाट्लानं. हुल्डला बघून ती एक पाऊल मागे सरली.

"जिवंत आहे अजून," हुल्ड म्हणाली. "आत येऊ का?"

साल्वोर पलंगावर बसून होती. रडून तिचे डोळे सुजले होते. "हुल्डमावशी, मी काय करू? नाव दिलं तर तुला मारल्यासारखं होईल. नाही दिलं तर हेही बाळ जाईल."

हुल्ड तिला सांगायलाच आली होती, की स्वप्न ते स्वप्न, मुलगी झाली तर सासूचं नाव ठेव आणि मोकळी हो. पण ती सुरुवात करणार तोच साल्वोर म्हणाली, "तुझा चेहरा अंधारात होता. घागरा मात्र ओलाचिंब. तू आत येईनास, बसेनास. नुसती उभी."

हुल्ड तिच्या शेजारी बसली. हे तिनं पूर्वी ऐकलं होतं.

"हात बघितलास का तिचा? डावा?"

साल्वोरनं डोळे मिटले. "घागऱ्याला पुसत होती तो. बोटं... दोन बोटं नव्हती, मावशी."

हुल्डनं हातमोजे काढले आणि दोन्ही पंजे तिच्या मांडीवर पसरून ठेवले. साल्वोरनं ती दहाही बोटं एकेक करून चाचपली, पुन्हा चाचपली, आणि मग हुंदका देऊन हसली.

मग हुल्डनं आईनं फक्त तिलाच सांगितलेली गोष्ट सांगितली. फार पूर्वी खोऱ्यात हुल्ड नावाची एक निराधार बाई होती. गाव तिला पाळीपाळीनं एकेका घरी ठेवी. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं बर्फानं गेली होती. ज्या घरी ती राही तिथं काही बिघडलं की बोट तिच्याकडे. एका घराहून दुसऱ्या घरी जाताना ती नदीत बुडाली. हुल्डची आई पोटुशी असताना ती तिच्या दारात आली आणि आई "ये, बस" म्हणेपर्यंत उभीच राहिली. गावात बभ्रा नको म्हणून वडिलांनी सांगितलं, की नाव आम्हाला आवडलं म्हणून ठेवलं.

"म्हणजे शेवटी चेटकिणीचंच ना," थोरकाट्ला पुटपुटली.

एरवी हुल्ड गप्प बसली असती. "थोरकाट्ला, तुझा मुलगा आउस्ग्रिमुर लहानपणी तापानं फणफणला होता. बर्फात डॉक्टरला यायला रात्र लागली. रात्रभर तारेवर कोण होतं?"

"तू होतीस," थोरकाट्ला म्हणाली. "तू नुसतं 'हुल्ड आहे इथे' म्हणायचीस. मला बरं वाटायचं."

ते वाक्य हुल्डच्या मनात घर करून बसलं. परतताना गाडीत ती त्याचाच विचार करत होती. ज्या बाईला जिवंतपणी कुठल्याच घरात हक्कानं बसता आलं नाही, तिनं आपलं नाव हुल्डपाशी ठेवायला दिलं होतं. आणि आता ती तेच पुन्हा मागत होती. हुल्डनं ते वाईट वापरलं असतं, तर ती कशाला पुन्हा आली असती? जन्मभर ओझं म्हणून वाहिलेली वस्तू कोणीतरी विश्वासानं दिलेली होती, हे तिला आज कळलं. गाडीवाल्याला डोळे दिसू नयेत म्हणून तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

हिवाळ्यात साल्वोरला मुलगी झाली आणि ती तगली. पाद्रीबाबांनी नाव उच्चारेपर्यंत ते कोणी ओठांवर आणायचं नाही हा रिवाज. सगळं खोरं ते जाणून होतं आणि सगळं खोरं बाळाला नुसतं 'मुलगी' म्हणत होतं. बारसं शेतावरच होतं. वादळ उठल्यामुळे हुल्डला यंत्र सोडून जाता येईना. तेव्हा साल्वोरनं फोन केला आणि रिसीव्हर बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या भांड्याशेजारी उघडा ठेवून दिला.

हुल्डनं सवयीनं कानावरचं यंत्र काढायला हात उचलला. मग तो खाली घेतला.

तारेवर कितीतरी जणांचे श्वास ऐकू येत होते. कोणीतरी खोकलं. पाद्रीबाबांचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, आणि मग ते नाव आलं, स्वच्छ, मोठ्यानं. मुलगी किंचाळून रडली.

"दमदार आहे," स्टेनडोरचा आवाज. "हुल्ड, ऐकतेयस का?"

"ऐकतेय."

"तो मासा मी काही परत मागत नाही."

"मागून उपयोगही नाही. केव्हाच संपला."

खोरंभर हसू पसरलं आणि एकेक रिसीव्हर खाली गेला. हुल्ड उठली, खिडकीजवळची खुर्ची उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली. वर घोंगडीची घडी घातली. "ये, बस," ती म्हणाली, आणि विणकाम घ्यायला वळली.