हसतमुख फिजिओ

रेखाताईंनी माझा हात झटकला, पर्स उचलली आणि त्या क्लिनिकमधून चालत्या झाल्या. मी टॉवेल हातात घेऊन तसाच उभा.

रेखाताईंना जन्मापासून ऐकू येत नाही. टिटवाळ्याला ब्लाउज शिवतात. मनगट मोडलेलं, प्लास्टर निघालं, पण मनगट आखडलं, कात्री चालेना. शिवण बंद. नौपाड्यातल्या आमच्या क्लिनिकमध्ये मी त्यांचं मोबिलायझेशन करत होतो, म्हणजे आखडलेला सांधा हळूहळू ताणून मोकळा करायचा. दुखतं. आणि मध्ये खंड पडला की सांधा परत आखडतो.

आता यात माझं काय चुकलं? उलट दोन रविवार घालवून, बायकोची बोलणी खाऊन, मोबाईलवर बघून सांकेतिक भाषेतल्या वीसेक खुणा पाठ केलेल्या!

संध्याकाळी त्यांच्या बहिणीचा फोन. "डॉक्टर, ताई म्हणते, तुम्ही तिची थट्टा करता."

"मी? अहो, मी दर वेळी खुणेने विचारतो, खूप दुखतंय का!"

"विचारता, पण हसत हसत. नुसत्या हाताने 'दुखणं' कळतं. किती, ते खूण करणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसायला हवं ना?"

कपाळावर हात मारून घेतला. पेशंट किंचाळला तरी आपण हसतमुख राहायचं, म्हणजे तो घाबरत नाही. वीस वर्षं हेच केलं. क्लिनिकच्या मॅडम त्याचं कौतुक करतात. माझी मुलगी म्हणते, "बाबांचा चेहरा पासपोर्ट साइज आहे, सगळीकडे तोच चालतो."

मग आरशासमोर सराव. भुवया आवळ, ओठ दाब, गाल ओढ. मागून आई ओरडली, "अगं सूनबाई, धाव! याचं तोंड वाकडं झालं!"

बहिणीने समजूत काढून रेखाताईंना परत आणलं. मी खूण केली, जोडीला सगळा चेहरा पिळला. त्या बघतच राहिल्या. मग खदखदून हसल्या. नकारार्थी मान हलवली आणि स्वतः करून दाखवलं: थोडं दुखतं, जास्त, आता बास. मी नक्कल केली. नापास. पुन्हा केली. नापास. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मनगट आपणहून टेबलावर ठेवलं.

दीड महिन्याने कात्री चालायला लागली. बायकोचे दोन ब्लाउज रेखाताईंकडेच शिवायला गेलेत.

परवा माजिवड्याचे एक काका खांदा घेऊन आले. मी हात लावायच्या आतच ओरडले, "डॉक्टर, आधी तुमचं तोंड सरळ करा! ते बघूनच दुखायला लागलं!"

हल्ली पेशंट आला की आधी ठरवतो, आज कुठला चेहरा. मग हात धुतो.