भावजी आधी घर लावतात

शेजारचे भावजी प्रोग्रामर आहेत. त्यांची बायको फिजिओथेरपिस्ट. पुढच्या खोलीतच लोकांचे खांदे-गुडघे सोडवते. माझा खांदा धरला म्हणून मी जाऊ लागले. खांदा केव्हाच सुटला, पण त्यांच्या सोफ्यावर जे कळतं ते आमच्या गॅलरीतून कळत नाही.

तिथे एकाच वेळेला दोघं-दोघं पेशंट टपकायचे, भांडायचे, आणि त्यातला एक कायमचा दुसरीकडे जायचा. सोमवारपासून भावजींची बायको कोपऱ्यावरच्या गाळ्यात बसणार होती. हीच तऱ्हा तिथे राहिली तर गाळा चालायचा कसा? म्हणून पेशंटच्या वेळा नोंदवायचा प्रोग्राम लिहून द्यायचं भावजींनी कबूल केलं. त्यासाठी नवा कॉम्प्युटर आला.

"झाला का हो प्रोग्राम?" मी विचारलं.

"वहिनी, आधी घर लावायचं, मग स्वयंपाक."

घर लावणं म्हणजे काय, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. स्क्रीन काळी केली. मग निळसर काळी. मग अक्षरं बदलली. शून्य आणि ओ वेगळे दिसले पाहिजेत म्हणे. मग जुन्या कॉम्प्युटरवर जे बटण जे करायचं तेच इथे करायला हवं, म्हणून एकेका बटणाची मनधरणी.

"अहो, सोमवारचं काय?" बायकोने माझा हात मागे ओढत विचारलं. प्रश्न त्यांना, कळ मला.

"होतंय गं. पाया पक्का नको?"

शनिवारी भावजी शीळ घालत होते. "लिहिला प्रोग्राम, वहिनी!"

"वेळा नोंदवतो?"

"छे! पुढचा कॉम्प्युटर घेतला ना, की हे सगळं घर एका बटणात लागेल."

"पुढचा कधी घेताय?"

"आत्ताच कशाला? हा नवाच आहे की."

बायकोला काय वाटलं ते माझ्या खांद्याला कळलं.

सोमवारी गाळ्यात गेले. दाराशी टेबल, टेबलामागे भावजी, कानाला फोन. "साडेचारला नको, साडेचारला एक गुडघा येतोय. पाचला या."

"हे काय, भावजी?"

उत्तर आतून आलं, "प्रोग्राम होईपर्यंत हेच प्रोग्राम!"

तेव्हापासून एकही भांडण नाही. पेशंट खूश, बायको खूश. प्रोग्राम सावकाश झाला तरी चालेल म्हणते. घाई आता भावजींना आहे. पण लिहायला बसावं तर फोन वाजतो.