डब्यातला फोन

अठरा वर्षं मी दहावीला विज्ञान शिकवत होते. जाफराबादहून जीपने शाळेत यायचं, फळ्यावर लहरीची नागमोडी रेघ काढायची आणि सांगायचं, "धातूतून रेडिओलहरी आरपार जात नाहीत." सांगताना आवाजात खात्री असायची. करून मात्र कधीच पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मंग स्टीलच्या डब्यात ठेवला तर फोन वाजणार न्हाई का?"

"बिलकुल नाही," मी म्हणाले आणि तिथेच फसले, कारण तिने लगेच स्वतःचा जेवणाचा डबा रिकामा करून पुढे केला.

मी माझा फोन आत ठेवला, झाकण दाबलं आणि शेजारच्या वर्गावरच्या सरांना बोलावून फोन लावायला सांगितलं. डबा खणखणीत वाजायला लागला, टेबलावर थरथरत पुढेही सरकला. पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. माझे कान तापले. पुस्तक तर चुकणार नाही, मग चुकलं काय?

खिचडी शिजवणाऱ्या मावशी हसण्याचा आवाज ऐकून दारात आल्या होत्या. त्यांनी डबा हातात घेऊन झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. "इथून शिरत असंल. फट हाये की. कणीक लावून पाहू का? मी पातेल्याला लावते, वाफ जात न्हाई."

हसण्यावारी न्यावं असं क्षणभर वाटलं. पण माझ्याकडे तरी दुसरं काय होतं? मावशींनी कणकेची वळी करून झाकणाभोवती नीट लिंपली. पुन्हा फोन लावला. डबा वाजलाच, फक्त आवाज दबका झाला.

"वाफ अडली, लहर न्हाई अडली," मघाची मुलगी हळूच म्हणाली. "कणीक धातू कुठंय?"

त्या वाक्याने मीच जागी झाले. एका मुलाच्या पोळ्या ॲल्युमिनियमच्या चंदेरी कागदात गुंडाळलेल्या होत्या. तो कागद आम्ही पुसून घेतला, कणीक खरवडली आणि डबा व झाकण दोन्हींना चिकटेल असा फटीभोवती घट्ट दाबला. सरांनी फोन लावला. डबा गप्प. त्यांनी स्पीकर चालू केला आणि त्यातली बाई शांतपणे म्हणाली, की हा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. फोन सरांपासून हातभर अंतरावर होता!

वर्गात कुणी हसलं नाही. सगळे डब्याकडे बघत होते.

"पण कागदाएवढ्या बारीक फटीतून एवढी लहर शिरतेच कशी?" मी मोठ्याने म्हणाले. "मला माहीत नाही. वाचून सांगते." वर्गात हे मी पहिल्यांदाच म्हणत होते.

घरी जाऊन दोन तास शोधलं. फट किती रुंद यापेक्षा ती किती लांब, याला जास्त महत्त्व असतं. झाकणाच्या कडेने फिरणारी फट नुसती बारीक नव्हती, चांगली दोन वीत लांब होती. फोनच्या लहरीला तेवढी वाट पुरते.

दुसऱ्या दिवशी वर्गात जायच्या आधी मी स्वयंपाकाच्या खोलीत जाऊन मावशींना हे सांगितलं. त्यांनी खिचडीतला डाव थांबवला.

"इतकी वर्षं शिकवून राह्यले तुम्ही, अन् हे काल कळलं?"

"कालच," मी म्हणाले. तसं सांगताना मला हलकं वाटत होतं.