पाण्याची सुई कोणाच्या गाईला?

लसीच्या चाचणीवर काम केलेल्या माणसाला चहाच्या टपरीवर गाठू नये. जनावरांना लस मिळते, साहेबांना रिपोर्ट मिळतो आणि आमच्याकडे नुसते किस्से साचतात! गुरांच्या लम्पी रोगावरची नवी लस होती, गाव रिसोडकडचं. मी जनावरांचा डॉक्टर, गजूभाऊ ड्रायव्हर आणि पुण्यात फोनवर मोठे साहेब. झाली फौज.

*

पहिल्याच दिवशी मारुतीच्या देवळासमोर मी भाषण ठोकलं. निम्म्या जनावरांना खरी लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते चाचणी संपेपर्यंत मलाही कळणार नाही आणि साहेबांनाही नाही. टोचलं की जनावराच्या कानात नंबराचा पिवळा बिल्ला आणि वहीत नंबरापुढे मालकाचं नाव.

पुढे सुभद्राकाकू उभ्या, तांबड्या गाईचं दावं धरून. आदल्या वर्षी लम्पीनं त्यांची एक गाय नेली होती. उरली ती एकच, तिच्याच दुधावर घर चालायचं. लस द्यायचीही भीती, न द्यायचीही भीती.

"तुमाले मालूम नाही, सायबाले मालूम नाही. मंग तुमी आले कायले?"

गजूभाऊ म्हणाला, "काकू, मी बी ह्येले रोज हेच इचारतो!"

*

एक आजोबा दुसऱ्या दिवशी अडूनच बसले. "कोरोनाची सुई घेतली तं मले फोटोवालं सर्टिफिकेट भेटलं. माह्या बैलाचं कुठी हाय?"

म्हटलं, "आजोबा, बैलाला ते काय कामाचं?"

"मले तरी काय कामाचं पडलं बाप्पा?"

*

सुई टोचली तिथं सूज, लाली आहे का, त्याचे फोटो पुण्याला पाठवायचे असत. एकदा साहेबांचा घाबराघुबरा फोन आला. "अरे, सगळ्या बैलांच्या मानेला लाली! रिॲक्शन आहे! चाचणी थांबवा!"

"सर, काल पोळा होता. रंगवलेत त्यांना."

साहेबांनी फोटो पुन्हा उघडले. मग हळूच, "...आणि शिंगं निळी का आहेत?"

*

वाशीमच्या ऑफिसात लसीचा फ्रिज होता. गजूभाऊनं त्यात विरजण लावलेलं दूध ठेवलं! सकाळी वर बोंब त्याचीच, "भंगार फ्रिज हाय, दही लागलंच नाही!"

मी उखडलो. "अरे येड्या, दही लागलं नाही म्हणजे फ्रिज बरोबर थंड आहे!"

"हाव का? मंग रोज चेक करत जाऊ का?"

*

आता सुभद्राकाकूंचं. त्यांची जाऊ गोदाकाकू. अंगण एकच, गोठे समोरासमोर, गाई दोन्ही तांबड्या. मोरीच्या पाण्यावरून दोघींचं वाजलं ते वर्षानुवर्षं अबोला. दर महिन्याला तपासणीचं रक्त काढायला दोघी गाई घेऊन देवळासमोर पहिल्या हजर, तोंडं मात्र दोन दिशांना. आणि सुभद्राकाकूंचा प्रश्न ठरलेला, "सायेब, खरी होती का पानी?"

शेवटी चाचणी संपली, लस चांगली निघाली, कोणाला काय टोचलं त्याची यादी पुण्याहून आली. पाणी टोचलेल्या जनावरांना आता खरी लस द्यायची होती. मी थेट काकूंच्या अंगणात गेलो.

"काकू, तुमच्या गाईला खरी मिळाली होती! पाणी गेलं तुमच्या जावेच्या गाईला."

वाटलं, काकू साखर वाटतील. पण त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मी सुई भरून गोदाकाकूंच्या गोठ्यात शिरलो आणि गाईच्या कानातला पिवळा बिल्ला पाहिला. नंबर सुभद्राकाकूंच्या गाईचा!

"थांबा सायेब!" सुभद्राकाकू धावत आल्या. "सुई हिकडं आना. पान्यावाली गाय माह्या गोठ्यात हाय."

"म्हणजे?"

"पयल्या दिवशी मी हिची गाय नेली होती. म्हटलं, पयले हिच्या गाईवर पाहून घ्याव!"

मी गोठ्याच्या दारात उभ्या गोदाकाकूंकडे वळलो. "अहो, तुमची गाय नेली ते तुम्हाला कळलं नाही?"

गोदाकाकूंनी पदर सारखा केला. "कळलं ना. मी बी तिचीच नेली होती."

"आणि दर महिन्याला रक्ताच्या वेळी?"

"सकाळी मी तिची सोडो, ते माही सोडे. त्यात बोलायचं काय काम पडते?"