अर्धा कोयता आणि हळदीचा साबण

बारा हंगाम ऊस तोडला, पण सांगण्यासारखे किस्से बारासुद्धा जमले नाहीत. साबण करायला लागले आणि एका वर्षात इतके साठले की गिरणीवर दळणाला गेले तरी बायका म्हणतात, "मंदे, ते हेल्मेटचं सांग." सांगते, पण आधी मूळ कारण ऐका.

लग्न झाल्यापासून एकही संक्रांत मी घरी केली नव्हती. गावात बायका हळदीकुंकू करून वाण लुटायच्या तेव्हा मी कारखान्याकडच्या फडात मोळ्या बांधत असायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाच्या वहीत असंच लिहितात. यंदा मी ठरवलं, काही झालं तरी संक्रांत घरी करायची. पण दुष्काळात घरी बसून करणार काय? त्याच सुमारास आमच्या बचत गटाला पाटोद्याला साबणाचं दोन दिवसांचं शिबिर मिळालं. मी ह्यांना सांगून टाकलं, साबण करीन.

हे म्हणाले, "दसऱ्याला मुकादम नावं लिव्हायला येतो. तवर तुझ्या साबणाला फेस आला, तर मी एकटा जातो. अर्धा कोयता."

ठरलं!

*

शिबिरातल्या मॅडमनी बजावलं होतं की कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच ओतायचं नाही, आणि डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय हात लावायचा नाही. चष्मा कुठून आणू? ह्यांचं हेल्मेट घातलं, काच खाली ओढली, फवारणीचे हातमोजे चढवले आणि अंगणात बादली ढवळत बसले. सोडा पडला की पाणी आपोआप तापतं, वाफ निघते. तेवढ्यात रुक्मा आली. रुक्मा म्हणजे गटातली माझी जोडीदारीण. ती दारातच थबकली आणि तिनं अंगणभर नजर फिरवली.

मग म्हणाली, "मंदे, गाडी कुठाय?"

*

साबणाला पाणी शुद्ध लागतं. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की त्यात तुरीची डाळ शिजत नाही, आणि टँकरवालाही कुठल्या तरी बोअरवरच भरून आणतो. म्हणून मी कडा गावच्या बाजारातून बॅटरीत घालायचं पाणी आणलं, पाच लिटरचा कॅन. सासूबाईंनी कॅन उचलून उन्हात धरला, वास घेतला आणि तो देवघराशेजारी नेऊन ठेवला. म्हणाल्या, "प्यायला टँकरचं, अन् साबणाला इकतचं. ह्या साबणाला अहो-जाहो करावं लागंल."

*

मॅडमनी नक्षी शिकवली होती. अर्ध्या मिश्रणात रंग घालायचा, तो बाकीच्यात ओतायचा आणि काडीनं वेल ओढायची. रंग विकत घ्यायचा नाही या जिद्दीनं मी घरची हळद घातली. पिवळा वेल हवा होता. ढवळता ढवळता हळद माझ्या डोळ्यांदेखत लालभडक झाली! तेल गेलं, सोडा गेला, आता ह्यांना काय तोंड दाखवू, म्हणून मला रडूच आलं.

सासूबाई भाकरी टाकता टाकता हसल्या. "आगं, हळदीत चुना मिसळला की कुंकू व्हतंय. तुझ्या मॅडमला ठावं न्हाई व्हय?"

पांढऱ्या साबणात कुंकवाचा वेल. त्यानंतर मी दुसरा रंग कधी घातलाच नाही.

*

चमचाभर साखरेनं फेस वाढतो, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. हे सासूबाईंनी ऐकलं. साखरेऐवजी त्यांनी गूळ काढला, तोही मुठीएवढा खडा, कारण पाव्हण्याला चमच्यानं गूळ देत नसतात असं त्यांचं म्हणणं. मी लाकडी खोक्यात मिश्रण ओतून वर गोधडी पांघरली. थोड्या वेळानं गोधडी हलायला लागली. गुळानं साबण तापला होता आणि खोक्यातून उतू जाऊन अंगणात चालला होता. रुक्मा उलथण्यानं त्याला मागे ढकलत होती, तो दुसऱ्या बाजूनं निघत होता. सासूबाईंनी लांबूनच पाहिलं, दूध पण असंच करतंय म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

*

वड्या पाडल्या की महिनाभर वाळवाव्या लागतात. दुष्काळानं आमच्यावर एवढा एकच उपकार केला, हवेत ओलावा म्हणून काही शिल्लक नव्हता. वाळला की नाही हे कळायला जिभेचं टोक लावून बघायचं, झोंबलं तर कच्चा. हे काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. रोज सकाळी देवपूजा झाली की फळीवरची एक वडी चाखायची, चूळ भरायची आणि निकाल द्यायचा. पाचव्या आठवड्यात त्यांनी साऱ्या आळीला सांगितलं, "झाला. चव बसली."

मी धावत जाऊन हात धुतले. फेसाचा पत्ता नाही! हाताला नुसती चिकट साय.

सासूबाई म्हणाल्या, "ज्या पाण्यात डाळ शिजंना, त्या पाण्यात फेस मागतीस?"

कॅनमधलं उरलेलं पाणी वाटीत घेतलं, तर फेस कोपरापर्यंत आला. मी नाचायचीच बाकी होते. रुक्मानं शांतपणे विचारलं, "गाव काय बॅटरीच्या पाण्यानं अंघूळ करणार हाय का?"

*

दसऱ्याला मुकादम आला. ओसरीवर बसला, फळीवरचा साबण बघितला आणि मोठ्या हौसेनं बोअरच्या पाण्यात हात धुतले. बराच वेळ चोळले. मग हात ह्यांच्यापुढे धरून म्हणाला, "धुयाच्या आधी बरे व्हते." ओसरीवरचे सगळे हसले, हेसुद्धा. त्यानं वही उघडली. "कोयता एक. लिवू ना, वयनी?"

मी म्हणाले, "मी येत न्हाई."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. उठून चार वड्या घेतल्या आणि आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकल्या.

"अर्धा लिव," हे म्हणाले.

*

भोगीच्या दिवशी मी तीळ भाजत होते. बारा वर्षांत पहिल्यांदा, माझ्या चुलीवर. सकाळी सकाळी मुकादमाचा फोन आला. मुकादम बायकांना उगाच फोन करत नाही. ह्यांच्या हाताला कोयता लागला की काय, म्हणून तीळ तसेच सोडून मी उठून उभी राहिले.

"वयनी, साबन किती हायती?"

मी विचारलं, हे बरे आहेत ना?

"त्याला काय धाड भरलीय? हितं पाटाच्या पान्यात त्यो फेस मावंना झालाय. तळावरच्या बायका माझं डोकं खायल्यात, वाणाला ह्योच साबन पायजे म्हणून. रथसप्तमीच्या आत साठ तरी धाडा."

फळीवर एक्केचाळीस होत्या. तीळ करपत होते. मी म्हणाले, "पण धुयाच्या आधी बरे व्हते ना हात?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"वयनी," मुकादम म्हणाला, "फुडच्या साली तुमचं नाव मी वहीत घेत न्हाई."