ठमाबाईचे कडवे वाल

दिवा स्टेशनच्या पूर्वेला, चाळींच्या मागच्या अंगाला ठमाबाईचं चार गुंठे शेत उरलं होतं. बाकीची जमीन नवऱ्याच्या हयातीतच बिल्डरकडे गेली. त्या पैशांत दुमजली घर झालं, मुलाचे, कमलेशचे, दोन टेम्पो आले. हा तुकडा मात्र ठमाबाईने सोडला नाही. भात कापलं की त्यात ती कडवे वाल पेरायची. बियाणं सासूच्या हातचं. दरवर्षी राखेत घोळवून मडक्यात भरायचं, पुढच्या वर्षी पेरायचं. लग्न होऊन आल्यापासून, बावन्न वर्षं.

मागच्या हंगामात डिसेंबरात अवकाळी पाऊस आला आणि वाल शेतातच कुजले. मडक्यात मागे ठेवलेलं शेरभर बियाणं तेवढं वाचलं. यंदा तिने ते सगळं पेरलं.

जानेवारीत थंडी छान पडली. वाल फुलले. सकाळी शेतात फिरून आली की तिचं लुगडं दवाने पोटरीपर्यंत ओलं व्हायचं. वालाला पाणी काय ते एवढंच लागतं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी एकदम गेली. कमलेश मोबाईल बघून म्हणाला, "आई, उद्या अडतीस दाखवतंय. लाट आहे उन्हाची."

"माघात?" ठमाबाईला वाटलं, पोरगा मस्करी करतोय.

सकाळी ती शेतातून आली तेव्हा लुगडं कोरडं होतं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वालांखाली फुलांचा सडा पडला होता.

तिने हंड्याने पाणी घालायला सुरुवात केली. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. सून रुपाली पहिले दोन दिवस तिच्याबरोबर हंडे वाहत होती. मग म्हणाली, "आई, आता पिंपात प्यायपुरतंच उरलंय."

"ऱ्हाव दे," ठमाबाई म्हणाली आणि हंडा खाली ठेवला.

ज्या शेंगा धरल्या त्या चपट्या, पोचट. सगळं शेत सोलून ओंजळभर दाणे निघाले, सुरकुतलेले. तिने ते भिजवून ओल्या फडक्यात बांधले. पाच दिवस रोज गाठ सोडून बघितलं. एकालाही मोड आला नाही. वास यायला लागला, तेव्हा रुपालीने फडकं उचललं आणि ठमाबाईने अडवलं नाही.

कमलेशने कल्याणच्या बाजारातून बियाण्याचं पाकीट आणलं. तिने एक दाणा चावून बघितला.

"ह्ये गोडे हाईत."

"आई, वाल ते वालच ना?"

तिने पाकीट दुमडून त्याच्याकडे सरकवलं. मग विचारलं, "टेम्पो लावायला जागा पायजे होती ना तुला?"

"तसं नाय गं. पुढच्या वर्षी बघू ना थंडी कशी पडते."

"बियानंच नाय, तर प्येरू काय? लाव तुझे टेम्पो."

शिमग्याच्या आधी शेतात भरावासाठी डेब्रिजचे, पाडकामाच्या दगडविटांचे, चार डंपर रिकामे झाले. रोलर फिरत होता तेव्हा ठमाबाई ओटीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. रुपाली चहा घेऊन आली. चहा तसाच गार झाला.