बोळकं कणीस

दातमास्तरांनी आयुष्यात कुणाचा दात उपटला नाही. ते दात घडवायचे. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या जबड्यांचे ठसे पाठवत आणि मास्तर मागच्या खोलीत बसून कवळ्या करत. टेबलावर मेण, प्लास्टरचे जबडे, बारीक ब्रश. चाळीस वर्षं हेच. गल्लीतलं निम्मं हसू त्यांच्या हातचं होतं.

घरातलं मात्र नव्हतं.

ताई, मास्तरांची थोरली बहीण, त्यांच्याच घरी राहायची. दोन वर्षांपूर्वी तिचा शेवटचा दात पडला आणि त्या दिवसापासून ती खोलीचं दार लावून जेवू लागली. मास्तरांनी तिच्यासाठी तीन कवळ्या केल्या. तिन्ही पाण्याच्या पेल्यात बुडून राहिल्या.

"हत्तीचे दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे," ती तोंडावर हात धरून म्हणायची. "माझे भिजवायचे."

जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या दोन. मास्तर एकटेच बसत. भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगायलाही समोर कुणी नसे.

एकदा त्यांनी दाराबाहेरूनच विचारलं, "ताई, काय खावंसं वाटतं गं?"

आतून उत्तर आलं, "कणीस. उकडलेलं, गोड. लहानपणी पैजा लावून खायचो तसं. पण ते म्हणतात ना, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत."

"दात आहेत," मास्तर म्हणाले. "पेल्यात आहेत. चणे मी पिकवतो."

त्यांनी स्वीट कॉर्नचं बी आणलं. मागच्या अंगणातली माती उकरली. पण हाताला सवय एकच. चौदा बिया त्यांनी कमानीत टोचल्या. कवळीत दात बसवतात तशा, अगदी समान अंतरावर.

ताई खिडकीत आली. "अरे, हा मळा आहे की जबडा?"

मक्याची ताटं डोक्याच्या वर गेली. शेंड्यांना तुरे आले, कणसांना रेशीम फुटलं. अडीच महिन्यांनी मास्तरांनी पहिलं कणीस सोललं. त्यात एकवीस दाणे होते. इथे एक, तिथे दोन, मधे नुसत्या हिरड्या. दुसरं तसंच. तिसरंही तसंच.

ताईनं एक कणीस हातात घेऊन फिरवलं. "माझ्यावर गेलंय," ती म्हणाली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मास्तर ते कणीस घेऊन तडक बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाईंनी ते नुसतं पाहिलं.

"एका ओळीत लावलंत ना?"

"कमानीत."

"कमानीत?" बाईंनी चष्मा वर केला. "अहो मास्तर, रेशमाचा एक धागा म्हणजे एक दाणा. धाग्यावर तुऱ्यातला पराग पडला तर दाणा भरतो. नाही पडला तर जागा रिकामी. तुमच्या एका ओळीतला पराग वारा भलतीकडेच घेऊन गेला. चौकोनात लावा, जवळजवळ. मक्याला शेजार लागतो."

मास्तर घरी येईपर्यंत पुटपुटत होते, "शेजार लागतो."

या वेळी चार ओळी, ओळीत चार. ताई खिडकीतून बघत होतीच.

"सोळा! पूर्ण वरचा जबडा!"

"हसून घे," मास्तर म्हणाले. "पैज लाव. एक जरी कणीस भरगच्च निघालं, तर तू कवळी लावायची आणि इथे माझ्यासमोर बसून खायचं."

"आणि बोळकं निघालं तर?"

"तर मी पुन्हा कधी तुझ्या दाराशी येणार नाही."

बोलून गेले आणि झारी आणायला वळले.

रेशीम फुटलं तसे मास्तर रोज सकाळी अंगणात जाऊ लागले. वाटीत तुरे झटकायचे आणि हिरड्यांना रंग द्यायच्या ब्रशनं तो पिवळा पराग रेशमावर लावायचा. एकेका कणसापाशी पाच-पाच मिनिटं. चौथ्या दिवशी गुडघ्यांनी संप केला आणि त्यांना उठायला उशीर झाला. लंगडत अंगणात आले तर ताई आधीच मक्यात उभी. दोन्ही हातांनी ताटं गदागदा हलवत होती. पांढरे केस पिवळे झाले होते.

"अगं, अशानं तू पैज हरशील!"

"ताटं वाटेत आली, हात लागला," ताई म्हणाली.

रेशीम वाळून तपकिरी झालं. मास्तरांनी एका दाण्यात नख खुपसलं. दुधाची चिळकांडी उडाली. ते कणीस तोडणार तेवढ्यात ताई ओरडली, "आधी पाणी उकळू दे! तोडलं की गोडी उतरायला लागते, विसरलास?"

पंच म्हणून दुकानवाल्या बाई आल्या. पाणी खळखळलं. मास्तरांनी कणीस तोडून सोललं. ओळीला ओळ भिडलेली, दाण्याला दाणा. मास्तरांनी ते सावकाश फिरवलं. मग थांबले. टोकाशी एक जागा रिकामी होती.

त्यांचा चेहरा उतरला. पण खोटं बोलणं त्यांच्या हाडात नव्हतं.

"एक कमी आहे," ते म्हणाले.

ताईनं चष्मा लावून पाहिलं. "ती अक्कलदाढ. मलाही कधी आली नाही."

ती आत गेली. आली तेव्हा तोंडावर हात होता, पण गाल भरलेले होते. अंगणात खुर्ची ओढून बसली. वाफाळतं कणीस हातात घेतलं.

"पुढच्या दातांनी तोडू नकोस हं," मास्तर घाईघाईनं म्हणाले. "बाजूनं, दाढेनं..."

ऐकेल ती ताई कसली! लहानपणी चावायची तशी समोरून कचकन चावली. कणीस खाली आलं. वरची कवळी कणसातच.

बाई आभाळाकडे बघू लागल्या. मास्तरांना वाटलं, आता ते दार कायमचं लागणार.

ताईनं कणसाकडे पाहिलं. "घ्या," ती म्हणाली, "कणीसच मला चावलं!"

आणि हसली. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हात मांडीवर पडला होता, तोंडावर नव्हता. गुलाबी, मोकळं बोळकं. मास्तर बघतच राहिले. हे हसू त्यांच्या हातचं नव्हतं.

मग तिनं कवळी धुऊन पुन्हा बसवली. "हं, आता सांग. बाजूनं कसं?"

बाजूनं तिनं दोन कणसं संपवली. बाईंच्या वाट्याचं तिसरंही जवळजवळ संपवत आणलं होतं.

रात्री मास्तरांनी नेहमीसारखं एक ताट वाढून घेतलं. पहिला घास घेणार इतक्यात समोरची खुर्ची करकरली. ताई आपलं ताट घेऊन बसली. एक घास खाल्ला, बाजूनं, नीट चावून.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं सांगीन म्हणत होते."